टेबल कंबरेला, चादर खांद्यावर: फर्निचरवरून कपडा कसा बेततात

फेब्रुवारी २००० मध्ये लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात हुसेन चालायान या डिझायनरचा शो झाला. मंचावर बैठकीच्या खोलीचा देखावा होता. काही खुर्च्या आणि मधोमध एक गोल, बुटकं लाकडी टेबल. शेवटी मॉडेल आल्या, त्यांनी खुर्च्यांच्या राखाडी खोळी काढल्या आणि ड्रेस म्हणून अंगात घातल्या. खुर्च्यांच्या घड्या घालून सुटकेसी झाल्या. मग एक जण टेबलाच्या मधल्या भोकात उभी राहिली आणि आतलं कडं धरून वर उचललं. एकात एक बसवलेली लाकडी वर्तुळं एकाखाली एक उलगडत गेली, कडं कंबरेला अडकलं, आणि टेबलाचा घागरा झाला.

चालायान सायप्रसचा, तुर्की भाषक घरातला. १९७४ मध्ये त्या बेटाचे दोन तुकडे झाले तेव्हा तो चार वर्षांचा होता. रातोरात घर सोडायची वेळ आली तर माणूस बरोबर काय नेईल, हा त्या शोचा विषय. म्हणून तो घागरा बघताना हसू येत नाही.

मी सोलापुरात युनिफॉर्मच्या कारखान्यात पॅटर्न बेततो. शाळेचा शर्ट, दवाखान्याचा कोट, सिक्युरिटीची पँट, एवढंच आमचं जग. पण शिकायला येणाऱ्या फॅशन डिझायनिंगच्या मुली तो टेबलाचा व्हिडिओ हमखास दाखवतात आणि विचारतात, "मास्तर, असलं काही आपल्याला इथं करता येईल का?" का नाही येणार? अंथरायचं-पांघरायचं कापड विणणारे माग गावाच्या पूर्व भागात आहेत, अंगात घालायचे कपडे शिवणाऱ्या मशिनी गावभर आहेत. पण त्या टेबलात नेमकं काय चाललंय हे आधी समजून घ्यायला हवं. नाहीतर प्लायवूड अंगाला बांधून फोटो काढण्यापलीकडे गाडी जात नाही.

वजन कुणी पेलायचं?

खुर्ची आपल्याला पेलते. कपड्याला आपण पेलतो. फर्निचरवरून कपडा बेतताना येणाऱ्या बहुतेक अडचणी या एका उलटापालटीतून निघतात. कपाट जड असलं तर चांगलंच, हलत नाही. जॅकेट जड असलं तर अर्ध्या तासात मान धरते.

माणसाच्या अंगावर वजन ठेवायच्या दोनच मोठ्या जागा आहेत, खांदे आणि कंबर. खांद्यावर टाकलेलं वजन मानेच्या स्नायूंना ओढतं, पट्टा अरुंद असला तर रुततो. कंबरेवर, खरं म्हणजे कंबरेखालच्या हाडांवर टेकवलेलं वजन सरळ पायांत उतरतं आणि शरीराच्या मध्याजवळ राहतं, म्हणून तोल जात नाही. आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज घेऊन चालणाऱ्यांकडे नीट बघा. एवढा उंच ध्वज नुसत्या हातांनी पेलत नाहीत, कंबरेचा आधार घेतात. चालायानचं टेबलही कंबरेलाच अडकवलेलं आहे. ते खांद्यावरून लोंबकळत ठेवलं असतं तर त्या मुलीला सरळ उभं राहणं मुश्कील झालं असतं.

ही युक्ती त्याच्याही आधीची. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बायका घेर फुगवण्यासाठी एकावर एक परकर चढवत. १८५६ मध्ये पोलादी कड्यांच्या क्रिनोलिनचं पेटंट निघालं. पातळ पोलादी कडी उभ्या फितींवर टांगायची आणि फिती कंबरपट्ट्याला जोडायच्या, एवढीच रचना. परकरांचा ढीग गेला आणि घेर उलट वाढला. आत हवा खेळायला लागली, पाय मोकळे झाले. आता टेबलाची वर्तुळं पुन्हा डोळ्यांसमोर आणा. रचना तीच आहे, कडी पोलादाऐवजी लाकडाची.

म्हणून मुली स्केच घेऊन आल्या की माझा पहिला प्रश्न असतो, हे टांगलंय कुठे? कागदावर सगळंच हवेत तरंगतं.

काय उचलायचं?

फर्निचरचं नुसतं रूप उचलता येतं. २०२२ मध्ये मिलानला मोस्किनो या फॅशन कंपनीने उभ्या लाकडी घड्याळाच्या आकाराचा ड्रेस दाखवला होता. बघायला मजा येते. एकदा पाहिला की झालं, मागून घ्यायला त्यात फारसं काही नाही.

एल्सा स्कियापारेल्ली या फॅशन डिझायनरचं प्रकरण जास्त कामाचं आहे. १९३६ मध्ये तिने चित्रकार साल्वादोर दालीबरोबर एक सूट केला, ज्याचे खिसे टेबलाच्या ड्रॉवरसारखे होते आणि त्यांना ड्रॉवरच्या मुठी होत्या. दाली त्या काळात माणसाच्या छातीपोटातून ड्रॉवर निघालेली चित्रं काढत होता. सूटवरचे काही खिसे खरे होते, काही नुसते देखाव्याचे. हे सगळं ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण खिसा आणि ड्रॉवर यांचं काम एकच: ठेवायचं आणि काढायचं. जिथे काम जुळतं तिथे रूप आपोआप शोभतं.

असा खिसा आपल्या मशीनवर शिवायचा तर काय लागेल? साधा खिसा सपाट असतो, ड्रॉवरला खोली असते. म्हणून खिशाच्या तिन्ही बाजूंनी इंचभर रुंदीची पट्टी लावायची, सिक्युरिटीच्या पँटला मांडीवर असतो तसा. तोंडाच्या पट्टीत बक्रम, म्हणजे कॉलरच्या आत घालतात ते कडक कापड, घालायचं, म्हणजे ते तोंड ताठ राहील. मूठ लावायची तर मागे कापडाचा दुहेरी तुकडा द्यायचा, नाहीतर चार वेळा ओढली की भोक पडतं. आता त्यात मोबाइल टाकला की कोटाचा पुढचा भाग खाली ओढला जाणार. मग आतून, अस्तराच्या खाली, खिशापासून खांद्याच्या शिवणीपर्यंत न ताणणारी सुती फीत शिवायची. बाहेरून ती दिसत नाही आणि मोबाइलचं वजन तीच खांद्याला पोचवते.

तिसरं उदाहरण इस्सी मियाकेचं. १९८२ च्या कलेक्शनमध्ये या जपानी डिझायनरने वेत आणि बांबू विणून छातीपाठीचा सांगाडा केला. त्याचं छायाचित्र त्या वर्षी फेब्रुवारीत ‘आर्टफोरम’ या कलाविषयक मासिकाच्या मुखपृष्ठावर आलं. वेत ओला करून वाकवतात, वाळला की तो दिलेला बाक धरून ठेवतो. वेताच्या खुर्चीत हेच असतं. सांगाडा ताठ, पण मधे सगळ्या फटी. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा चाळिसाच्या वर गेलेला असताना, या फटींची किंमत कळते. सोफ्याचं रेक्झिन आणि फोम घेऊन जॅकेट करायची कल्पना दर वर्षी कुणाच्या तरी डोक्यात येतेच. त्यातून घाम बाहेर जात नाही. फोटोपुरतं ठीक, गावात घालून फिरायला नाही.

ताठपणाचा हिशोब

फर्निचर ताठ असतं आणि अंग वाकतं, त्यामुळे कापड कुठे किती ताठ करायचं हा या कामाचा गाभा आहे. त्यात थोडं विज्ञान आहे, पण अवघड नाही.

कुठलीही पट्टी जितकी जाड तितकी वाकायला नाखूष. पण हे सरळ प्रमाणात वाढत नाही. जाडी दुप्पट केली तर वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो. अट एकच, सगळी जाडी एकसंध हवी. शंभर पानी वही हातात धरून वाकवा, सहज वाकते, कारण प्रत्येक पान शेजारच्या पानावरून सरकतं. तीच पानं खळ लावून चिकटवली की पुठ्ठा होतो. कॉलरचंही तसंच. शर्टाचं कापड मऊ, आतलं बक्रमही तसं वाकणारं, पण इस्त्रीच्या उष्णतेने दोन्ही चिकटले की कॉलर उभी राहते. दोन्ही नुसते एकावर एक ठेवून कडेला शिवले तर तेवढा ताठपणा येणार नाही.

या दोन टोकांच्या मधे गादीवाला बसतो. पिंजलेला कापूस खोळीत भरून झाला की तो दाभणाने आरपार टाका घेतो, गाठ मारतो, वीतभर पुढे सरकतो आणि पुन्हा टाका घेतो. टाका नसेल तर कापूस एका कोपऱ्यात गोळा होईल. टाका आहे तिथे वरचं कापड, कापूस आणि खालचं कापड एकमेकांना बांधले जातात. टाक्यांच्या मधल्या जागेत ते सरकायला मोकळे असतात. म्हणून गादी आकारही धरते आणि वळकटीही होते. सोफ्याच्या पाठीवर बटणं ओढून केलेल्या चौकटी असतात, त्यामागचा विचार हाच.

जॅकेटला याचा उपयोग फार सुंदर होतो. खांद्यावर आणि पाठीच्या वरच्या भागात टाके दाट घ्या, बोटभर अंतरावर. कापड ताठ होईल, खुर्चीच्या पाठीसारखा आकार धरेल. कोपराशी, काखेत, कंबरेशी टाके विरळ ठेवा किंवा घेऊच नका. एकाच कापडाचा, एकाच कापसाचा कपडा असून कुठे ताठ, कुठे मऊ, हे फक्त टाक्यांच्या अंतरावर ठरतं. निराळं सामान आणायची गरज नाही.

पण टाके घातले की कापड आखडतं, लांबीतही आणि पन्ह्यातही. आधी पॅटर्न कापून मग टाके घातले तर मेहनतीने केलेलं जॅकेट एक साइज लहान होतं. म्हणून आधी मोठा तुकडा टिपून घ्यायचा आणि त्यावर पॅटर्न ठेवून मग कापायचं.

आता वाकण्याच्या जागा. लाकूड, जाड बक्रम, वेत, असं न वाकणारं काही लावायचं असेल तर अंगावर त्याला जागा थोड्याच आहेत: छातीच्या हाडावर, पाठीच्या वरच्या भागावर, मनगट ते कोपर, आणि कंबरेवर पट्टा म्हणून. पोटावर लावलेली ताठ पाटी उभं असताना झकास दिसते. बसलं की फासळ्या आणि मांड्या यांमधलं अंतर कमी होतं, पाटी वर सरकते आणि हनुवटीकडे यायला लागते. कपाटाची बिजागरीही नुसती उचलून चालत नाही. बिजागरी एकाच दिशेने फिरते. कोपर साधारण तसाच वाकतो, त्यामुळे तिथे ती निभावते. खांदा चहूबाजूंनी फिरतो, तिथे ती अडते. त्या जागी कापडच हवं, आणि तेही उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपं, कापलेलं. उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने कापड ताणत नाही, तिरपं ओढलं की देतं. पॅरिसच्या मादलेन व्हिओने या डिझायनरने १९२० च्या दशकात या एका गोष्टीवर नाव कमावलं. आमच्याकडे ब्लाउज शिवणाऱ्या बायका गळ्याला उरेब पट्टी लावतात, तीही याच कारणाने.

चादर अंगावर

आता आपल्या गावची गोष्ट. सोलापुरी चादरीचं जॅकेट करायचं सगळ्यांच्याच मनात असतं. चादर फर्निचर आहे का, असं कुणी विचारेल. पलंगावर असते तोवर ती पलंगाचाच भाग, असं मी धरतो.

आधी वजन. कापडाचं वजन एका चौरस मीटरला किती ग्रॅम, असं मोजतात. धंद्यात त्याला जीएसएम म्हणतात. घरातली चादर काट्यावर ठेवा आणि तिच्या क्षेत्रफळाने भागा. समजा चादर दीड मीटर रुंद, सव्वादोन मीटर लांब आणि वजन १,३५० ग्रॅम. क्षेत्रफळ ३.३७५ चौरस मीटर, म्हणजे ४०० जीएसएम. शर्टाचं सुती कापड साधारण १२० च्या आसपास असतं. जाड जीन्सचं, ज्याला बाराचं डेनिम म्हणतात, ते ४०० च्या थोडं वर भरतं. म्हणजे ही चादर जीन्सएवढी जड. आखूड जॅकेटला दीड चौरस मीटर कापड प्रत्यक्ष अंगावर आलं तर ६०० ग्रॅम, वर अस्तर. घालण्याजोगं आहे.

पण जीन्ससारखं ते वागत नाही. डेनिममध्ये धागे पिळदार आणि घट्ट ठोकून बसवलेले असतात. चादरीचा धागा जाड, विणकाम सैलसर, कारण तिला अंगावर मऊ पडायचं असतं. त्यामुळे कात्री लागली की कडेचे धागे निसटायला लागतात. उपाय असा: खडूने रेघ मारायची, रेघेच्या आतल्या बाजूने मशीनची टीप मारून घ्यायची, आणि मग कापायचं. कडा एकात एक दुमडून जीन्ससारखी शिवण घालू नका, चार थर एकत्र आले की मशीनचा पायच उचलत नाही. शिवण उघडी ठेवून दोन्ही कडांना पॉपलिनची उरेब पट्टी लावा. सुई १६ किंवा १८ नंबरची, टाका लांब. आणि कापायच्या आधी चादर एकदा धुऊन वाळवा. सुती आहे, आटणार.

खरी गंमत नक्षीत आहे. चादर पसरून, वरून बघायसाठी बेतलेली असते: मधे मोठी नक्षी, कडेने किनार. अंगावर ती तुकडे होऊन येते. म्हणून चादर टेबलावर पूर्ण पसरायची आणि पॅटर्नचे कागद तिच्यावर सरकवत बसायचं. मधली नक्षी पाठीवर. किनार खालच्या घेराला आणि बाहीच्या तोंडाला. पुढचे दोन भाग नक्षीच्या दोन सारख्या बाजूंतून काढायचे, म्हणजे बटण लावल्यावर जुळतील. मोर असतील तर सांभाळून, एका छातीवर मोर उभा आणि दुसऱ्या छातीवर डोक्यावर, असं जॅकेट मी पाहिलंय. चादरीच्या उलट्या बाजूलाही नक्षी असते, रंगांची अदलाबदल झालेली. कॉलरला किंवा खिशाच्या झाकणाला ती उलटी बाजू वर घेतली की निराळं कापड न लावता कपड्याला दुसरा रंग मिळतो.

याच्याही पुढे जाता येतं, आणि मला वाटतं सोलापूरची खरी ताकद तिथे आहे. चादरीची नक्षी जेकार्डवर विणतात. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जाकार्डने केलेली ही करामत. भोकं पाडलेले पुठ्ठे मागाला सांगतात की या फेरीत कुठले उभे धागे उचलायचे आणि कुठले खाली ठेवायचे. आता बऱ्याच ठिकाणी पुठ्ठ्यांचं काम कॉम्प्युटर करतो, तत्त्व बदललेलं नाही. हर धाग्यावर ताबा असेल तर चादर विणून मग तिच्यातून जॅकेट शोधत बसायचं कशाला? पाठ, पुढचे भाग, बाह्या यांचे आकार मागावरच नक्षीत आखून घेता येतात. किनार बाहीच्या तोंडाशी बरोबर येते, चिंधी कमी निघते. कोपराच्या जागी वीण सैल, खांद्याच्या जागी घट्ट, असंही करता येईल. ज्या गावात भिंतीवर लावायला माणसांचे चेहरे विणले जातात, तिथे बाहीचा आकार विणणं काही जड नाही. अडतं ते ऑर्डरवर. नवी नक्षी चढवायचा खर्च चार जॅकेटांतून निघत नाही. चार-पाच मुलींनी मिळून एकच बीम, म्हणजे मागावरचा उभ्या धाग्यांचा रूळ, वाटून घेतला तर मागवाला ऐकून तरी घेईल.

अस्तराला सोलापुरी टॉवेलचं कापड वापरून बघा. सगळीकडे नको, जाड होतं. मानेच्या मागे आणि पाठीच्या वरच्या पट्ट्यात पुरे. त्याच्या सुती फासांमुळे घाम टिपला जातो.

साइजचं कोडं

आम्हा युनिफॉर्मवाल्यांना सगळ्यात आधी सुचतो तो प्रश्न: हे एस, एम, एल, एक्सएलमध्ये कसं काढायचं? शर्टाचा पॅटर्न सगळीकडून थोडा थोडा वाढवता येतो. लाकडी पट्टी किंवा वेताचा सांगाडा असा वाढत नाही, प्रत्येक साइजचा वेगळा करावा लागतो, आणि धंदा तिथेच बसतो.

याचं उत्तर मला जुन्या खाटेत दिसतं. सुंभाची खाट वापरून झोळ पडली की ती कुणी उसवत नाही. पायाकडे थोडी जागा मोकळी सोडून तिथे दोर ओवलेला असतो. तो ओढून बांधला की सगळी वीण पुन्हा ताठ. कपड्यात ताठ भाग एकाच मापाचा ठेवायचा आणि दोन्ही कुशींना अशी ओढायची जागा सोडायची. नाडी, फीत, नवारीची पट्टी, काहीही चालेल. आपली बाराबंदीही बंदांवरच अंगाला बसते. दोन-तीन साइजचं काम एकात होतं आणि जेवण झाल्यावर सैल करायची सोय वेगळीच.

नवारीचं स्वतंत्र काम करायचं असेल तर पट्ट्या उभ्या-आडव्या विणून पाठीचा तुकडा करता येतो. तो सरळ लावला की ताठ बसतो. पंचेचाळीस अंशांत फिरवून, म्हणजे उरेब लावला की अंगाबरोबर हलतो.

शेवटच्या कापडाला हात लावायच्या आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवा. ताठ भागांच्या जागी खोक्याचा पुठ्ठा लावा आणि तो घालून वावरून बघा. खुर्चीत बसा, जमिनीवर मांडी घाला, वरच्या फळीवरचा डबा काढा, रिक्षात चढा-उतरा. रिक्षात बहुतेक डिझाइनं नापास होतात. पुठ्ठा जिथे दुमडेल तिथे पेनाने खूण करा. त्या खुणेवर लाकूड येता कामा नये, तिथे शिवण किंवा उरेब तुकडा घ्या. मुठी, कड्या, लाकडी पट्ट्या स्क्रूने किंवा बटणाने काढता येतील अशाच लावा, म्हणजे कपडा धुता येईल. चादरीचं जॅकेट पहिल्या दोन-तीन वेळा वेगळं, थंड पाण्यात धुवा आणि सावलीत आडवं वाळत घाला. ओलं असताना हँगरला लटकवलं तर पाण्याच्या वजनाने खांदे उतरतात.